‘गाडी केव्हा घ्यावी?’ : एका प्रश्नाचा इतिहास

१५ ऑगस्ट २०२५ ची सकाळ. ध्वजवंदन आटोपून आम्ही काही प्राध्यापक महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये चहा घेत बसलो होतो. लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वस्तू व सेवा करात दिवाळीपर्यंत मोठे बदल होतील, असे सांगितल्याची बातमी कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवली आणि सगळ्यांच्या नजरा इतिहास विभागातील आमच्या एका सहकारी बाईंकडे वळल्या. बाईंनी महिनाभर चौकशी करून एक छोटी पेट्रोल मोटार नक्की केली होती. ताबा गणेशचतुर्थीला, म्हणजे २७ ऑगस्टला मिळायचा होता. ‘मॅडम, थांबा,’ असे आम्ही जवळजवळ एका सुरात म्हणालो. बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारले, ‘थांबू, पण किती दिवस? आणि किती वाचतील?’ त्या दिवशी या दोन्ही प्रश्नांचे उत्तर कुणापाशीही नव्हते.

पुढे काय झाले ते यथावकाश सांगूच. तथापि त्या सकाळपासून एक विचार आमच्या मनात घर करून राहिला. ‘गाडी केव्हा घ्यावी?’ हा प्रश्न आज इतका स्वाभाविक वाटतो, की त्यालाही काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. त्यांचा प्रश्न होता, ‘गाडी केव्हा मिळेल?’ या दोन प्रश्नांमध्ये क्रियापदाचाच काय तो फरक आहे. परंतु त्या फरकात स्वतंत्र भारताचा पाऊणशे वर्षांचा आर्थिक इतिहास सामावलेला आहे. खरेदीची वेळ ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता, तो कुणाकडून कुणाकडे गेला, आणि तो ग्राहकाच्या हाती खरोखर कितपत आला, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रारंभ घरापासून करू. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला, आणि मद्रासला स्टँडर्ड. १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्याने किती माल काढायचा हे परवान्यावर अवलंबून ठेवले. जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धातच येथून काढता पाय घेतला. उरलेल्या दोन-तीन नावांवर सबंध देशाची मोटारीची हौस आणि गरज भागवली जायची होती. १९५९ मध्ये मोटारींच्या वितरणावर सरकारी नियंत्रणाचा आदेश आला, १९६९ मध्ये किमतीही नियंत्रणाखाली आल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सत्तरच्या दशकात देशभरात वर्षाकाठी तयार होणाऱ्या मोटारींची संख्या पन्नास हजारांपर्यंतही पोहोचत नव्हती. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या थोड्या गाड्या म्हटल्यावर रांग लागणे अपरिहार्यच होते.

या रांगेने मराठीला एक वाक्प्रचार दिला : ‘नंबर लागणे’. फियाटसाठी नंबर लावलेला असे, बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावलेला असे. टेलिफोन आणि गॅस यांचीही तीच कथा. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणारी स्कूटर पुण्यातल्याच माणसाला वर्षानुवर्षे मिळत नसे. परकीय चलनात पैसे भरू शकणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे. त्यामुळे ज्याचा कुणी नातलग परदेशी असे, त्याचा घरात आणि गल्लीत भाव वाढे. मुलाच्या मुंजीच्या सुमारास नोंदवलेली स्कूटर त्याच्या कॉलेजच्या वयात दारात आली, असे किस्से त्या पिढीत घरोघरी ऐकू येत. त्यांत अतिशयोक्ती असेल, पण ती फार नसावी.

त्या काळातील बोलण्याकडे भाषेचे अभ्यासक म्हणून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. लोक ‘आम्हाला गाडी मिळाली’ असे म्हणत. या वाक्यात माणूस चतुर्थी विभक्तीत उभा आहे, कर्तेपदी गाडी आहे. प्रसाद मिळतो, नोकरी मिळते, न्याय मिळाला तर मिळतो. त्याच ओळीत गाडीही बसली होती. देणारा अदृश्य, घेणारा हात पसरून. आणि ज्याला थांबणे शक्य नसे, त्याला ‘ऑन’ द्यावा लागे, म्हणजे अधिकृत किमतीवर वरकड रक्कम. नवी कोरी मोटार हाती येताच ती मूळ किमतीपेक्षा जास्त भावाने विकता येई. आजच्या वाचकाला हे उफराटे वाटेल. आज मोटार शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की तिची किंमत उतरते. तेव्हा ती फाटकाबाहेर पडली की चढत असे. कारण त्या जादा रकमेत गाडीखेरीज आणखी एक वस्तू विकली जात होती : दुसऱ्याने रांगेत घालवलेली वर्षे.

या व्यवस्थेत ‘योग्य वेळ’ नावाची गोष्टच नव्हती असे मात्र नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर भडकले आणि मोटारींची मागणी एकदम ओसरली. रांग आखडली. म्हणजे मोटार चालवणे सर्वांत महाग झाले, नेमके तेव्हाच ती मिळवणे सोपे झाले. पुढे वारंवार प्रत्ययास येणारा एक नियम येथे प्रथमच स्पष्ट दिसतो. खरेदीदाराला अनुकूल काळ हा बहुधा इतरांना नकोसा झालेला काळ असतो.

१९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९८३ मध्ये तिने नोंदणी सुरू केली. दहा हजार रुपये आगाऊ भरायचे होते. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास, आणि नोकरदार माणसाच्या दृष्टीने ते दहा हजार म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार. तरीही लाखाहून अधिक लोकांनी ते भरले. एकही गाडी रस्त्यावर आलेली नसताना लोकांनी स्वतःची पुंजी अशी हवाली करावी, हे भविष्यकाळावरील विश्वासाचे द्योतक म्हणायचे की टंचाईने अंगवळणी पडलेल्या सवयीचे, याचा निवाडा करणे कठीण आहे. बहुधा दोन्ही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना देण्यात आली. ते सोडतीत निवडले गेले होते. रांगेची जागा सोडतीने घेतली होती एवढेच. वेळ अजूनही ग्राहकाच्या हातात नव्हती. फरक इतकाच, की ती कारकुनाच्या वहीतून दैवाच्या चिठ्ठीत गेली.

येथे थोडे थांबून अमेरिकेकडे वळणे आवश्यक आहे. आपल्याकडे पुढे जे सवलतींचे वेळापत्रक आले, त्यामागची कल्पना तिकडच्या मोटारधंद्यात फार आधी रुजली होती. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरच्या घरात होती. विसाच्या दशकाच्या मध्यास ती ३०० डॉलरच्याही खाली आली. किंमत वर्षागणिक उतरते हे कळल्यावर शहाणा ग्राहक काय करील? थांबेल. या थांबण्यावर फोर्डने १९१४ मध्ये एक तोड काढली. ऑगस्ट १९१४ पासूनच्या वर्षभरात तीन लाख गाड्या खपल्या, तर प्रत्येक खरेदीदाराला ४० ते ६० डॉलर परत करू, असे त्यांनी जाहीर केले. तीन लाखांहून अधिक गाड्या खपल्या आणि प्रत्येकाला ५० डॉलर परत मिळाले. आज घेणाऱ्याला उद्याच्या घसरणीचा वाटा आजच देऊन टाकायचा, असा तो हिशेब होता. ग्राहकाचे थांबणे हीसुद्धा एक ताकद आहे, हे विक्रेत्याने मान्य केल्याचा हा ठसठशीत दाखला होय.

१९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांच्या काळात याच्या नेमका उलटा मार्ग चोखाळला गेला. एकच गाडी स्वस्त करत नेण्याऐवजी दरवर्षी तिचे रूप बदलायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी सुस्थितीत असूनही जुनी दिसू लागते. मोटारीला ‘साल’ चिकटले ते येथे. तीसच्या दशकाच्या मध्यास नव्या गाड्या जानेवारीऐवजी शरदात आणण्याचे ठरले. हंगामी बेकारीने गांजलेल्या कामगारांना वर्षभर सारखे काम मिळावे, हाही त्यामागे एक हेतू होता. परिणामी नवे रूप येण्यापूर्वी जुना साठा उठवण्याचा एक हंगाम निर्माण झाला, आणि चाणाक्ष ग्राहकाला त्या हंगामाची चाहूल घेण्याची विद्या अवगत झाली. सवलतीचा काळ हे विक्रेत्याचे औदार्य नव्हते. उरलेल्या मालाने त्याला भरलेली ती धडकी होती.

आपल्याकडे हे सारे पोहोचण्यास इतका विलंब का लागला, याचे उत्तर अँबेसेडरच्या आकृतीतच आहे. १९५७ मध्ये आलेली ही गाडी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दिसायला फारशी बदललीच नाही. जिचे रूप बदलत नाही, तिला साल कसले? आणि जिला साल नाही, तिचा साठा ‘जुना’ कसा होणार? शिवाय साठा उरतच नव्हता. १९९१ च्या उदारीकरणानंतर १९९३ मध्ये मोटारउद्योग परवानामुक्त झाला आणि चित्र पालटू लागले. १९९८ च्या सप्टेंबरात सँट्रो आली, डिसेंबरअखेर टाटांची इंडिका आली. इंडिकासाठीही आरंभी लाखाच्या वर नोंदणी झाली हे खरे. परंतु आता ग्राहकाला एका दारातून उठून दुसऱ्या दारात जाता येत होते. थोड्याच वर्षांत विक्रेते दारात उभे राहून वाट पाहू लागले. रांग संपली नव्हती, फक्त तिच्यात उभी राहणारी माणसे बदलली होती.

भाषाही बदलली. ‘गाडी मिळाली’ मागे पडले आणि ‘गाडी घेतली’ आले. त्यापाठोपाठ आणखी एक प्रयोग रूढ झाला : ‘गाडी काढली’. शोरूममधून बाहेर काढली, असा त्याचा सरळ अर्थ. पण मराठीत ‘कर्ज’सुद्धा ‘काढले’ जाते, आणि बहुसंख्य घरांत या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी काढल्या जातात, हा योगायोग आम्हाला मार्मिक वाटतो. पूर्वीच्या पिढीने आधी पैसे भरून मग वर्षे मोजली. आमच्या पिढीने आधी गाडी आणून मग वर्षे मोजली. थांबणे हप्त्यांच्या रूपाने गाडीच्या पलीकडे सरकले.

आता ‘केव्हा घ्यावी’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्माला आला. त्याचे व्यावहारिक उत्तर आज बहुतेकांना ऐकून ठाऊक असते : डिसेंबरात घ्यावी. त्यामागील यंत्रणा मात्र समजून घेण्याजोगी आहे. विक्रेत्याने कंपनीकडून उचललेल्या गाड्यांवर त्याचे व्याज चालू असते. महिनाअखेर, तिमाहीअखेर त्याला ठरावीक खप गाठायचा असतो, तो गाठला तर वरची रक्कम मिळते. १ जानेवारी उजाडताच आवारात उभी असलेली गाडी ‘गेल्या सालची’ होते. त्यात कंपन्या जानेवारीपासून भाववाढ जाहीर करतात, म्हणजे ग्राहकाला मागून ढकलणे आणि पुढून ओढणे एकाच वेळी चालते. मार्चअखेरीलाही असाच एक छोटा हंगाम असतो. त्याला आर्थिक वर्षाची आणि व्यावसायिकांच्या घसाऱ्याच्या हिशेबाची जोड असते. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार १८० दिवसांहून कमी वापरलेल्या मालमत्तेवरही त्या वर्षापुरता निम्मा घसारा मिळत असे, त्यामुळे ३१ मार्चच्या आदल्या दिवशी घेतलेली गाडीही डॉक्टर-वकिलांच्या हिशेबात निम्मे वर्ष वापरल्यासारखी धरली जाई.

परंतु सवलत म्हणजे लाभ नव्हे. जुन्या गाड्यांच्या बाजारात गाडीचे वय उत्पादनाच्या सालावरून मोजतात. समजा, आठ लाखांची गाडी डिसेंबरात चाळीस हजारांच्या सवलतीने घेतली आणि तीन वर्षांनी विकायला काढली. तर समोरचा माणूस ती एक वर्षाने जुनी धरून तेवढीच रक्कम कापून घेण्याचा संभव आहे. तीच गाडी बारा वर्षे वापरली, तर सालाचा हा फरक जवळजवळ पुसला जातो आणि सवलत पदरात पडते. म्हणजे डिसेंबर कुणासाठी चांगला? जो गाडी दीर्घकाळ सांभाळणार आहे त्याच्यासाठी. ज्याला दर तीन-चार वर्षांनी नवी हवी, त्याने जानेवारी-फेब्रुवारीत नव्या सालाचे उत्पादन पाहून घेतलेले बरे. ‘केव्हा घ्यावी’ याचे उत्तर ‘किती वर्षे ठेवणार’ यात दडलेले आहे, आणि हे मात्र कोणत्याही जाहिरातीत सांगितलेले नसते.

येथवर आपण सरकारच्या आणि कंपनीच्या दिनदर्शिका पाहिल्या. मराठी घरात या दोहोंहून जुनी अशी तिसरी दिनदर्शिका भिंतीवर टांगलेली असते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त. अर्धा नेमका कोणता याविषयी परंपरांत मतभेद आहेत. खंडेनवमीला पूर्वी शस्त्रे आणि अवजारे पुजली जात. आज त्याच दिवशी आणि दसऱ्याला गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घातल्या जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस, तेव्हा वाहन घेण्यास त्याहून साजेसा दिवस कोणता? या भावनेला अंधश्रद्धा म्हणून हिणवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. आयुष्यात दोन-तीनदाच होणारी खरेदी सामुदायिक आनंदाच्या दिवशी करावी, ही इच्छा हिशेबात बसत नसली तरी माणसाच्या स्वभावात बसते.

तथापि हिशेबाच्या बाजूने एक निरीक्षण नोंदवणे भाग आहे. मुहूर्ताच्या दिवशी गिऱ्हाईक स्वतःहून येते, त्याला ओढून आणावे लागत नाही. सणाच्या सवलती जाहीर होतात खऱ्या. पण दसऱ्याला गाडी हवीच असलेल्या माणसाशी घासाघीस करण्याची विक्रेत्याला गरज नसते. याउलट पितृपक्षात शोरूम ओस पडतात. त्या पंधरवड्यात नवी वस्तू घेऊ नये असा समज दृढ आहे. उत्तरेत धनुर्मासालाही, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत, असेच अशुभ मानतात. आणि कंपन्यांची वर्षअखेरची सवलत नेमकी त्याच दिवसांत पडते! १९७३ नंतर दिसलेला नियम येथे पंचांगाच्या वेषात पुन्हा भेटतो. जो काळ शुभ तो महाग, जो निषिद्ध तो स्वस्त. ज्याला पितरांची भीती वाटत नाही, त्याला पितरांच्या कृपेने सवलत मिळते असे गमतीने म्हणता येईल.

या तीन दिनदर्शिकांचा कधी संगम होतो, कधी संघर्ष. १७ फेब्रुवारी २०१४ च्या हंगामी अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादनशुल्क १२ वरून ८ टक्क्यांवर आणले गेले आणि ती सूट ३१ डिसेंबर २०१४ ला संपली. म्हणजे त्या वर्षी सरकारची मुदत आणि कंपनीची वर्षअखेर एकाच रात्री उलटली. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून ‘भारत स्टेज तीन’ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या वाहनांच्या विक्रीस बंदी केली, तेव्हा कंपन्या आणि विक्रेत्यांकडे आठ लाखांहून अधिक वाहने पडून होती. ३० आणि ३१ मार्च या दोन दिवसांत दुचाकींवर हजारो रुपयांची सूट मिळाली आणि सकाळपासून शोरूमपुढे रांगा लागल्या. किती तरी वर्षांनी स्कूटरसाठी पुन्हा रांग! पण ती कशासाठी होती? न्यायालयाने ज्या धुराला उद्यापासून मज्जाव केला होता, तो आज स्वस्तात घरी नेण्यासाठी. किंमत कमी आणि मोल अधिक या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या दोन दिवसांइतके स्पष्ट क्वचितच दिसले असेल.

आणि रांग कायमची गेली असे कुणी समजू नये. २००९ च्या एप्रिलमध्ये नॅनोसाठी दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि पहिले एक लाख भाग्यवान पुन्हा सोडतीनेच निवडले गेले. आरंभीच्या किमतीची हमी त्यांच्यापुरतीच होती. त्या गाडीचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. महासाथीनंतर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला आणि लोकप्रिय गाड्यांसाठी महिनोन्महिने प्रतीक्षा करावी लागू लागली. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनची नोंदणी उघडली तेव्हा अर्ध्या तासात एक लाख गाड्या नोंदल्या गेल्या, आणि प्रारंभीची किंमत फक्त पहिल्या पंचवीस हजारांना मिळणार होती. आमच्या वडिलांनी ज्या गोष्टीसाठी वर्षे मोजली, तिच्यासाठी आता बोटे सेकंद मोजत होती. परवाना-राजात वशिला असलेला पुढे जाई. येथे ज्याच्या घरी वेगवान इंटरनेट आहे तो.

आता पुन्हा आमच्या स्टाफरूमकडे. ३ सप्टेंबर २०२५ ला वस्तू व सेवा कर परिषदेचा निर्णय आला. चार मीटरच्या आतील आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर २८ टक्के कर आणि एक टक्का उपकर होता, तो १८ टक्के झाला. म्हणजे करापूर्वी शंभर रुपयांच्या गाडीला जेथे १२९ पडत, तेथे ११८ पडणार. सात लाखांच्या गाडीमागे सुमारे साठ हजारांची बचत. अंमलबजावणीचा दिवस २२ सप्टेंबर, आणि तो होता घटस्थापनेचा. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. ज्या पंधरवड्यात लोक एरवीही गाडी घेत नाहीत, तोच पंधरवडा सरकारने थांबायला दिला! सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे बाजार थिजून गेला. जुन्या दराने उपकर भरून माल उचललेल्या विक्रेत्यांनी त्या रकमेचे काय होणार म्हणून गाऱ्हाणे मांडले. नवरात्र सुरू होताच जी गर्दी उसळली, ती विक्रेत्यांच्या महासंघाने विक्रमी म्हणून नोंदवली. पंचांग, सरकार आणि कंपनी या तिन्ही दिनदर्शिका इतक्या नेमकेपणाने एकाच पानावर आलेल्या आम्ही पूर्वी पाहिल्या नव्हत्या.

आमच्या सहकारी बाईंनी मात्र २७ ऑगस्टलाच गाडी आणली होती. त्यांच्या आईचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते, जिल्ह्याच्या गावी, चाळीस किलोमीटरवर. भाड्याची गाडी वेळेवर येईल याची शाश्वती नसते. आली तरी परतीच्या वेळी गळून गेलेल्या माणसाला वाटेत दोनदा थांबायचे असते आणि चालकाला पुढच्या भाड्याची घाई असते. ३ सप्टेंबरनंतर स्टाफरूममध्ये आम्ही हा विषय काढण्याचे टाळले. शेवटी त्यांनीच काढला. ‘सर, साठ हजार गेले म्हणता ना? हिशेब मीही केला. त्या पंचवीस दिवसांत आई सात वेळा मागच्या सीटवर आडवी होऊन घरी आली. भाड्याचे वाचले ते वजा करा. उरतात ते त्या सात फेऱ्यांचे. मला महाग नाही वाटले.’

यावर आम्हापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. ‘गरजवंताला अक्कल नसते’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. आम्ही ती नेहमी गरजवंताची टवाळी म्हणून वापरत आलो. हा सारा इतिहास पाहिल्यावर ती आम्हाला वेगळी वाचता येऊ लागली आहे. अक्कल असूनही ती वापरण्याची सवड ज्याला नाही, तो गरजवंत. योग्य वेळेची वाट पाहणे ही चतुराई आहे यात शंका नाही. पण ती चतुराई परवडण्यासाठी आधी थांबता यावे लागते. टंचाईच्या काळात ज्याला थांबता येत नसे, तो ‘ऑन’ देत असे. सुबत्तेच्या काळात ज्याला थांबता येत नाही, तो सवलत गमावतो. दोन्ही काळांत अधिक रक्कम भरणारा माणूस एकच आहे. त्याला घाई नसते, गरज असते.

तेव्हा कुणी विचारलेच, की गाडी केव्हा घ्यावी, तर आम्ही जे जाणतो ते सांगू. गाडी दीर्घकाळ ठेवणार असाल तर वर्षअखेरीस घ्यावी. मन मानत असेल तर पितृपक्षात चौकशी करावी आणि दसऱ्याला घरी आणावी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात जावे. कराची घोषणा झाली असेल आणि तारीख जाहीर असेल तर थांबावे. एवढे सांगून झाल्यावर विचारणाऱ्यालाच एक प्रश्न विचारू : गाडी हवी आहे, की लागणार आहे? हवी असेल तर वरील सगळे लागू आहे. लागणार असेल, तर आमच्या सहकारी बाईंना विचारावे. त्या गुरुवारी भेटत नाहीत. त्या दिवशी त्या आईला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेलेल्या असतात.